आमच्याकडं काही झालं नाही

मुलुंड स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला 'कॉलनी' एवढंच सांगितलं तरी पुरतं. कोणती, असं तो विचारत नाही. लाल बहादूर शास्त्री मार्ग ओलांडून रिक्षा डोंगराच्या दिशेनं निघते. राष्ट्रीय उद्यानाची हिरवी कड जवळ येऊ लागली की दुकानांच्या पाट्यांवरची आडनावं बदलतात, 'आणी'नं संपणारी आडनावं सुरू होतात. हिंदुस्थान चौकाच्या आसपास सकाळी दाल-पकवान मिळतं, पापडाच्या थप्प्या रचलेल्या दिसतात, झुलेलालच्या तसबिरीला ताजा हार असतो. बैठी घरं आता थोडीच उरली आहेत. बाकीच्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि राहिलेल्यांचा पुनर्विकास कधी होणार, याचीच चर्चा कट्ट्यावर चालू असते.

ही वस्ती निर्वासितांच्या छावणीतून उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथं, चेंबूरला, शीव-कोळीवाड्याला, ठाण्याच्या कोपरीला आणि कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरवली गेली. कल्याणच्या त्या पाच छावण्यांचं ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झालं, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी कोनशिला बसवायला आले होते. मुलुंडला असा सोहळा काही लाभला नाही. आधी 'कॅम्प' म्हणायचे, मग 'कॉलनी' म्हणू लागले.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'शेजार' हा विषय दिला आणि माझ्या डोळ्यांसमोर ही वस्ती आली. मुलुंड-भांडुपच्या मराठी माणसाला सिंधी कढी ठाऊक असते. उल्हासनगरच्या मालावरचा 'मेड इन यूएसए'चा (यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन') विनोदही ठाऊक असतो. सिंधी मुलांनी तो शाळेच्या वर्गात किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. पण शेजारची आजी कोणत्या गावची, तिनं कोणत्या बंदरातून बोट पकडली, उतरल्यावर पहिली रात्र कुठं काढली, हे पंचाहत्तर वर्षांच्या शेजारात फार थोड्या घरांत विचारलं गेलं. १९४७ मध्ये जी मुलगी दहा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. विचारायचं असेल तर आताच विचारायला हवं.

विचारणारे काही जण आहेत. कॉलनीत वाढलेली, पंचविशीतली एक मुलगी सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांकडं जाऊन त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करते. स्वतःच्या आजीपासून तिनं सुरुवात केली. आपलं नाव छापू नका, असं तिनं बजावलं आहे. मी तिच्याबरोबर काही घरांत जाऊन बसले.

घराचं दार कुठं होतं?

पहिलं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. आमच्याकडं काही झालं नाही, असं सिंधी म्हातारी माणसं सांगतात. खून पाहिले नाहीत, गाडी कापली गेली नाही. मग सांगायचं काय? पंजाबवाल्यांना विचारा, त्यांचं फार झालं.

या उत्तरामागं इतिहास आहे. पंजाब आणि बंगाल कापले गेले, सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. तिथं हिंदू लोकसंख्येच्या सुमारे पाव होते, शहरांत त्याहून जास्त. पंजाबसारखी सर्वदूर कत्तल सिंधमध्ये झाली नाही, त्यामुळं फाळणीवरच्या चित्रपटांत आणि कादंबऱ्यांत सिंधी माणूस क्वचितच दिसतो. आपल्या दुःखाला रक्ताचा पुरावा नाही, म्हणून ते सांगण्याच्या लायकीचं नाही, अशी समजूत या पिढीनं उराशी बाळगली. मला या सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत जास्त लागली. साडेसात दशकं माणसं स्वतःच्या हानीला हानी म्हणायला कचरत राहिली.

म्हणून ही मुलगी फाळणीबद्दल विचारतच नाही. घराचं दार कोणत्या दिशेला होतं, एवढंच ती विचारते, आणि हातात कागद-पेन्सिल देते. हैदराबादची एक आजी (हे हैदराबाद सिंधमधलं) आधी हात झटकून मोकळी झाली. मग पेन्सिल घेऊन तिनं एक चौकोन काढला. त्यात अंगण, अंगणात झोपाळा, जिना, आणि गच्चीवर एक उभा खोका. तो खोका म्हणजे मंघ. नैऋत्येचा वारा पकडून खालच्या खोलीत सोडणारी ही झरोक्याची चिमणी हैदराबादच्या घराघरावर असे, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आजीनं मंघाखाली एक खाट काढली, तिथं आपली आजी दुपारी निजायची असं सांगितलं, आणि तिथून बोलणं सुरू झालं ते चहा दोनदा गार होईपर्यंत थांबलं नाही. पल्ला मासा नदीतून कधी यायचा, टिकाण्यात, म्हणजे सिंधी प्रार्थनास्थळात, गुरू ग्रंथसाहेब कोण वाचायचं, शेजारच्या मुसलमान घरातून ईदला काय यायचं. त्या शेजारणीचं नाव तिला आठवत होतं. निघताना घराची किल्ली तिच्याचकडं दिली होती. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, परत यायचंच आहे, असं घरात सगळे धरून चालले होते.

किल्ली शेजाऱ्याकडं देऊन निघाल्याची आठवण पुढं आणखी घरांतही ऐकली.

कराचीचा धक्का

ही माणसं निघाली कधी? बहुतेक जण १५ ऑगस्टला निघाले नाहीत. भारतातून आलेल्या मुहाजिरांची गर्दी कराचीत आणि हैदराबादेत वाढत गेली, घरांवर ताबे होऊ लागले, तरी पुष्कळ कुटुंबं थांबून होती. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल पेटली. रतन तलावाजवळच्या गुरुद्वाऱ्यात जमलेल्या शिखांवर हल्ला झाला, हिंदूंची घरं लुटली गेली. त्यानंतर मात्र धीर सुटला आणि बंदराकडं रीघ लागली. दहा लाखांहून अधिक माणसं सिंधमधून बाहेर पडली. काही जोधपूर रेल्वेनं, मीरपूरखासवरून खोखरापार-मुनाबावच्या वाळवंटातून आली, काही बोटीनं ओखा-पोरबंदरला आणि बरीचशी मुंबईच्या धक्क्यावर उतरली. कराचीच्या बंदरात सामानाची झडती व्हायची, दागिने काढून घेतले जायचे. बोटीच्या आठवणींत उलट्या असतात, खारवलेलं पाणी असतं आणि डेकवर गोळा होऊन बसलेल्या बायका असतात.

मराठी वाचकाला इथं एक गोष्ट सांगायला हवी. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, तिथला पदवीधर मुंबईची पदवी घेऊन बाहेर पडायचा. कराचीची नामांकित एन. जे. व्ही. शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं आजही उभी आहे. कराचीत मराठी वस्ती होती आणि तीही कुटुंबं फाळणीनंतर मोठ्या संख्येनं मुंबईकडं आली. तेव्हा सिंधी माणूस मुंबईला आला तो अगदी परक्या मुलखात आला असं नाही. त्याच्या बापाच्या पदवीवर मुंबईचंच नाव होतं.

तरी स्वागत झालं असं म्हणवत नाही. शहर आधीच भरलेलं होतं. १९४८ मध्ये मुंबई सरकारनं निर्वासितांसाठी कायदा केला, नोंदणी झाली, आणि माणसं छावण्यांकडं पाठवली गेली. एका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबं राहायची, मध्ये पोत्याचे नाहीतर साडीचे पडदे. नळ सामाईक, संडास सामाईक. ज्या बाईनं हैदराबादेत स्वतःच्या अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ती पहाटे बादली घेऊन रांगेत उभी. या रांगेबद्दल बायका तपशिलानं सांगतात. पुरुष सांगतात ते लोकलमधल्या फेरीबद्दल. गोळ्या-बिस्किटं, पापड, कापडाचे तुकडे असं काहीबाही डब्याडब्यांतून विकायचं. एका आजोबांनी सांगितलं की त्यांचे वडील कराचीत वकिली करायचे, आणि इथं पहिले काही महिने त्यांनी कल्याण-व्हीटी गाडीत पेन्सिली विकल्या. ते सांगताना आजोबांचा आवाज बारीक झाला नाही. पेन्सिल विकली, कोणापुढं हात पसरला नाही, हे मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं.

त्याच काळात शिक्षकांनी कॉलेजंही उभी केली. डी. जे. सिंधच्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये जय हिंद काढलं, हैदराबादच्या मंडळींनी १९४९ मध्ये वांद्र्याचं नॅशनल आणि १९५४ मध्ये के. सी. आज या कॉलेजांत शिकणाऱ्या मराठी मुलांपैकी किती जणांना ती निर्वासितांनी काढली हे माहीत असतं, कोण जाणे.

पंखा बंद करायचा

ऐकायला बसायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. आधी पंखा बंद. मुंबईच्या घामात हे सोपं नाही, पण माइकवर पंख्याची घरघर माणसाच्या आवाजाइतकीच मोठी येते. फ्रिजचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, खालून भंगारवाला. कॉलर-माइक पदराला लावायचा, पण बांगड्यांपासून दूर. मोबाइल विमान मोडवर. सुरुवातीला तारीख, जागा, कोण कोणाशी बोलतंय हे मोठ्यानं नोंदवायचं.

त्याहून अवघड असतात घरचे लोक. मुलगा मध्येच आईची तारीख दुरुस्त करतो. सून म्हणते, आई, ते बोटीवरचं सांगा ना, ते छान आहे. वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगून घोटून गुळगुळीत झालेला एक किस्सा प्रत्येक घरात असतो आणि पहिल्या बैठकीत तोच येतो. तो येऊ द्यायचा, पूर्ण होऊ द्यायचा. खरं बोलणं पुढच्या बैठकीत, घरातले कामाला गेल्यावर येतं. आजी मध्येच थांबली तर घाईनं दुसरा प्रश्न घालायचा नाही. गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात कठीण कसब आहे, असं ही मुलगी म्हणते आणि मला ते पटलं, कारण माझ्याच जिभेवर दरवेळी प्रश्न तयार असायचा.

मग लेखी संमती. काय उघड करायचं, काय नातवंडांपुरतं ठेवायचं, काय आपल्या मागंच ऐकवायचं, हे सांगणाऱ्यानं ठरवायचं. एका आजोबांनी भावाभावांतल्या 'क्लेम'च्या भांडणाचा भाग बंद ठेवायला लावला. सिंधमध्ये सुटलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवून तपासले गेले आणि १९५४ च्या कायद्यानुसार अंशतः भरपाई मिळाली. त्या कागदांवरून तुटलेली घरं पुष्कळ आहेत. ट्रंकेतल्या त्या पिवळ्या कागदावर घराची किंमत असते. ती कोणी मागितली आणि कोणी सोडली, हे कागदाला ठाऊक नसतं.

तासभराचं बोलणं उतरवून काढायला सहा-आठ तास सहज जातात. सिंधी म्हाताऱ्यांच्या बोलण्यात सिंधी, हिंदी, मराठी सगळं एका वाक्यात येतं. भाजीवाल्याशी झालेला संवाद मराठीत, सासूचा राग सिंधीत. सिंधीत श्वास आत ओढून उच्चारायचे चार व्यंजनध्वनी आहेत, त्यांच्यासाठी देवनागरीत ग, ज, ड, ब या अक्षरांखाली रेघ देतात. नव्या पिढीच्या कानाला तो फरकच कळत नाही, आणि मग शब्दच बदलतो.

जगात बोलणं नोंदवण्याच्या या शास्त्राची रीतसर सुरुवात १९४८ ची धरली जाते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी त्या वर्षी मौखिक इतिहासाचं केंद्र काढलं, पण तिथं आधी बोलले ते मोठ्या हुद्द्यांवरचे पुरुष. आपल्याकडं ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) साठी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन त्यांना बोलतं केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पानं खेड्यापाड्यांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गिरणगावाचं सांगणं मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी नोंदवलं. मराठी मुलखाला हे काम नवं नाही. ते शेजारच्या दारापर्यंत पोचलं नाही, एवढंच.

फाळणीपुरतं पाहायचं तर गुनीता सिंग भल्ला यांनी अमेरिकेतल्या बर्कलीत सुरू केलेल्या '१९४७ पार्टिशन आर्काइव्ह'नं सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन दहा हजारांहून अधिक मुलाखती जमवल्या आहेत. सिंधी आठवणींवर पुण्याच्या साज अगरवाल यांचं २०१२ चं आणि मुंबईच्या नंदिता भवनानी यांचं २०१४ चं पुस्तक आहे. दोन्ही इंग्रजीत.

चुकलेली तारीख

मुलाखतीत जवळपास प्रत्येक जण '१९४७ ला आलो' म्हणतो. कागद पाहिला तर १९४८. मुलगा लगेच म्हणतो, आईची आठवण आता भरवशाची राहिली नाही.

इटलीचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचं एक काम इथं उपयोगी पडतं. तेर्नी या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीनं मेला. गावातले कामगार मात्र तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला असं सांगत. पोर्तेल्लींनी ही चूक म्हणून बाजूला सारली नाही. गावाला ज्या घावाचं दुःख सर्वांत मोठं होतं, त्या घावापाशी लोकांनी तो मृत्यू नेऊन ठेवला होता.

मुलुंडच्या आजींनी आपलं निघणं सत्तेचाळीसात नेऊन ठेवलं आहे. बाकीच्या देशाची फाळणी त्या साली झाली, आपलीही त्याच साली झाली असायला हवी. मागाहून, एकेकटे, तिकीट काढून निघालो म्हटलं तर आपण निर्वासित ठरू का? तारीख दुरुस्त करायची, पण तळटीपेत. बोलणं जसं आहे तसं ठेवायचं.

आजीची पत्रं

या कॉलनीत आवाज नोंदवण्याची घाई इतर ठिकाणांहून जास्त आहे, त्याचं कारण लिपी. सिंधी भाषेसाठी १८५३ मध्ये इंग्रज अमदानीत बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरवली गेली. फाळणीआधीची पिढी त्यातच शिकली. इथं आल्यावर देवनागरी की अरबी असा मोठा वाद झाला, दोन्ही चालू राहिल्या, आणि मुलं शेवटी इंग्रजी शाळेत गेली. १० एप्रिल १९६७ ला सिंधीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळालं, पण भाषेला स्वतःचं राज्य नाही, म्हणजे ती रोज वापरायला लावणारं सरकारी कार्यालय नाही, एसटीची पाटी नाही.

या मुलीच्या घरात पणजोबांनी कॅम्पातून नातलगांना लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा आहे. आजी ती वाचू शकते. आईला अक्षरं ओळखता येतात, ओळ लागत नाही. नातीला ते कागद डावीकडून धरायचे की उजवीकडून, इथपासून प्रश्न. म्हणून तिनं आजीला पत्रं मोठ्यानं वाचायला लावली आणि ते मुद्रित केलं. वाचता वाचता आजी थांबते, हा कोण ते सांगते, पुढं जाते. आजी गेल्यावर त्या गठ्ठ्यातून घरातलं कोणीच काही काढू शकणार नाही. के. सी. कॉलेजात शिकवणाऱ्या पोपटी हिरानंदानी यांच्या आत्मचरित्राला १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्याच भाषेच्या कॉलनीतल्या नातवंडांना ते मूळ लिपीत वाचता येत नाही.

दूरच्या एका वस्तीनं हाच पेच असा सोडवायला घेतला. ३० एप्रिल १९७५ ला सायगॉन पडल्यावर निघालेल्यांपैकी बऱ्याच व्हिएतनामी कुटुंबांना अमेरिकेत आधी कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटन या लष्करी तळावर तंबूंत ठेवलं होतं. पुढं ती जवळच्या ऑरेंज काउंटीत स्थिरावली. तिथल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठानं २०११ मध्ये व्हिएतनामी-अमेरिकनांच्या मौखिक इतिहासाचा प्रकल्प काढला, आणि विद्यार्थ्यांना, त्यातल्या कित्येक निर्वासितांच्याच मुलांना, वडीलधाऱ्यांसमोर बसवलं. बोलणं व्हिएतनामीत झालं तरी चालतं, ते तसंच जपलं जातं. मुंबईच्या उपनगरांतल्या कॉलेजांना हे करायला काय लागेल? बी.ए.च्या वर्गाला एक प्रकल्प, चार माइक, आणि भाषा जाणणारा एक माणूस.

कोण सांगतंय?

आतापर्यंत नोंदलं गेलेलं सिंधी सांगणं मुख्यतः शिकलेल्या आमिल आणि व्यापारी भाईबंद घरांचं आहे. त्यांना इंग्रजी येतं, त्यांच्याकडं फोटो आहेत. बराकीतच म्हातारे झालेले, पापड लाटून गाडीवर विकणारे लोक त्यात कमी. आणि जे येऊच शकले नाहीत त्यांचं काय? कराचीतल्या सफाई कामगारांना पाकिस्तान सरकारनं अत्यावश्यक सेवेचं कारण सांगून रोखून धरलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये याबद्दल पंडित नेहरूंना पत्र लिहिलं. शहर झाडायला मागं ठेवलेल्या त्या माणसांचं सांगणं फाळणीच्या कोणत्याही संग्रहात असायला हवं.

कोल्हापूरजवळच्या वळिवडेची गोष्ट मला या संदर्भात सारखी आठवते. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, १९४३ पासून १९४८ पर्यंत. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी कुटुंबं आली आणि पुढं तिथं गांधीनगरची कापडपेठ वाढली. पोलिश मंडळींनी आपल्या तिथल्या बालपणाच्या आठवणी गोळा करून जाडजूड ग्रंथ काढला, आणि २०१९ मध्ये म्हातारपणी ती कोल्हापूरला येऊनही गेली. पाच वर्षं राहिलेल्यांची आठवण ग्रंथात आहे. पंचाहत्तर वर्षं राहिलेल्यांची अजून घराघरांत विखुरलेली आहे.

शेजाऱ्यांकडंही त्या आठवणीचा एक भाग आहे. मुलुंडच्या जुन्या वस्तीतल्या एका मराठी निवृत्त शिक्षकांनी लहानपणी कॅम्प पाहिला आहे. त्यांची आई तिथल्या बाईकडून पापड घ्यायची आणि उधारी वहीत मांडायची, कोणाची उधारी हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. या मुलीच्या यादीत आता त्यांचंही नाव आहे. सिंधी नसलेल्या माणसाची ही तिची पहिलीच मुलाखत. प्रश्न तिनं वहीत मराठीत लिहून ठेवले आहेत आणि माझ्याकडून तपासून घेतले. पहिला प्रश्न असा: कॅम्पातल्या मुलांबरोबर तुम्ही खेळायला जात होता का, आणि घरचे जाऊ द्यायचे का?